गाण्यात गाणारीच ऐकू येत नाही

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिका नोकरी सांभाळून गाणी बांधतात आणि स्वतःच गातात. पेटी, तबला, अकूस्टिक गिटार आणि बेस वाजवणाऱ्या चार मित्रांबरोबर त्यांनी एक गाणं रेकॉर्ड केलं. रेकॉर्डिंग सगळ्यांच्या मनासारखं झालं. सॉफ्टवेअर त्यांच्याच लॅपटॉपवर असल्यामुळे मिक्सिंग, म्हणजे सुटे ट्रॅक जुळवून एक गाणं करणं, आपसूक त्यांच्या गळ्यात पडलं आणि गेले कित्येक महिने गाणं तिथेच अडकलं आहे. हेडफोनवर छान वाटतं. मोबाइलवर लावलं की शब्द पेटीखाली बुडतात. गाडीत बेस इतका घुमतो की दारं थरथरतात. गाण्याच्या आवाजाचा फेडर (ट्रॅकची पातळी वर-खाली करणारी सरकपट्टी) वर नेला की गाणं कराओकेसारखं वाटतं, खाली आणला की पुन्हा बुडतो. गिटारवाला मित्र प्रत्येक नव्या मिक्सनंतर एकच निरोप धाडतो, ‘गिटार ऐकू येत नाहीये.’

कामाच्या जागेबद्दल आणि गाण्याबद्दल त्यांनी तपशील दिले आहेत. खोली सुमारे तीन मीटर लांब आहे, टेबल बरोबर मध्यावर. गाणं काळी पाचमध्ये. पेटी ‘भरदार’ वाटावी म्हणून तिची एक प्रत १० मिलिसेकंद उशिरा टाकून मूळ ट्रॅक पूर्ण डावीकडे आणि प्रत पूर्ण उजवीकडे ठेवली आहे. प्रश्न असे: चांगले प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची जादा साधनं) घ्यावेत का? भिंतींना फोम लावावा का? मिक्स दुसऱ्या कोणाला दिलं तर गाणं आपलं राहील का? आणि शेवटी, ‘मला मुळात कानच नाही, असं तर नसेल ना?’

*

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. एकच गाणं हेडफोनवर, मोबाइलवर आणि गाडीत वेगळं वाजतंय हे ज्याला कळतं, आणि काय बिघडलंय ते दोन ओळींत सांगता येतं, त्याला कान आहेत. तुमची तक्रार खरं तर निदानाच्या अगदी जवळ पोचली आहे. घोळ उपायात आहे. जे ऐकू येत नाही त्याचा फेडर वर, एवढा एकच उपाय तुम्ही करत आलात. आवाज बुडाला, आवाज वर. गिटारची तक्रार आली, गिटार वर. मग तबला दबला म्हणून तोही वर. शेवटी सगळेच फेडर माथ्याला टेकतात, मास्टरवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या बेरजेवर, लाल दिवा लागतो आणि गाणं होतं तिथेच राहतं.

बुडणाऱ्याला वर ओढण्याआधी त्याच्या डोक्यावर कोण बसलंय ते बघावं. तुमच्या गाण्यात कोण बसलंय ते तुम्हीच लिहिलंय: पेटी.

काळी पाच म्हणजे तुमचा षड्ज साधारण २३३ हर्ट्झवर, पंचम ३५०वर, तार षड्ज ४६६वर. पेटी तुमची संगत करते, म्हणजे नेमके हेच स्वर नेमक्या याच वेळी वाजवते. पेटी खर्ज-नर जोडीची असेल तर खालच्या सप्तकातला तोच स्वर सोबत येतो. शिवाय पेटीच्या सुरांना वरचे स्वरांश भरपूर असतात आणि ते काही हजार हर्ट्झपर्यंत सहज जातात. शब्द कळतात ते बरेचसे त्याच टापूत. ‘त’ की ‘प’, ‘क’ की ‘ट’ याचा निवाडा कान मुख्यतः दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास करतो. दोन आवाज एकाच टापूत एकाच क्षणी आले की जोरकस आवाज दुसऱ्याला झाकतो. ध्वनितंत्रवाले याला मास्किंग म्हणतात. त्यात आणखी एक भर: तुमचा आवाज ओळीच्या शेवटी उतरतो, श्वास संपत येतो, पेटी मात्र भात्याच्या जोरावर सलग बोलत राहते. म्हणून शब्द बुडतात ते बहुतेक ओळीच्या टोकाला. एकदा तेवढ्यासाठी ऐकून बघा.

मग हेडफोनवर हे का जाणवत नाही? कारण तिथे पेटी दोन्ही कानांच्या कडेला आहे आणि तुम्ही मधोमध. जागा वेगळ्या असल्या की कान दोघांना सोडवून घेतो. मोबाइलचा स्पीकर एक असतो, दोन असले तरी वीतभर अंतरावर. तिथे डावं-उजवं एकत्र होतं, कडेची पेटी सरकून थेट तुमच्या जागेवर येते आणि झाकण पडतं.

१० मिलिसेकंदांची ती प्रत याहून वाईट खेळ करते. इतक्या कमी अंतराने आलेला दुसरा आवाज कान वेगळा मोजत नाही, पहिल्यातच मिसळून घेतो आणि दिशाही पहिल्याचीच धरतो. हेल्मुट हास यांनी १९४९मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून या परिणामाला त्यांचं नाव आहे. स्टिरिओत यामुळे वाद्य रुंद वाटतं, हे खरं. पण दोन्ही बाजू मोनोत, म्हणजे एकाच आवाजात, एकत्र झाल्या की काही कंपनसंख्यांवर मूळ आणि प्रत एकमेकांना खोडतात. १० मिलिसेकंदांचा हिशेब मांडला तर ते खड्डे ५०, १५०, २५०, ३५०, ४५० असे पडत जातात. आता वरचा आकडा आठवा. ३५० म्हणजे तुमचा पंचम. मोबाइलवर पेटीच्या प्रत्येक पंचमाचा पायाच गायब होतो आणि उरतो तो वरचा नाकातला भाग. म्हणून तिथे पेटी एकाच वेळी पोकळही वाटते आणि त्रासदायकही.

तेव्हा पहिलं काम: ती प्रत काढून टाका. मूळ पेटी एका बाजूला, साधारण एकतृतीयांश डावीकडे ठेवा. गिटार तेवढीच उजवीकडे. रुंदी हवीच असेल तर पेटीवाल्या मित्राकडून तोच भाग पुन्हा वाजवून घ्या. दोन वेगळ्या टेकमध्ये हाताचे बारीक फरक असतात, त्यामुळे मोनोत असे नियमित खड्डे पडत नाहीत.

यानंतरही पेटी आणि आवाज एकत्र चालणार आहेतच. तिथे वाटा तीन. पेटीचा फेडर खाली घेणं ही पहिली. सोपी, पण मग मधल्या संगीताच्या तुकड्यांत पेटी दुबळी पडते. दुसरी, ईक्यूने (ठरावीक टापूची पातळी कमी-जास्त करणारं साधन) पेटीच्या अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास रुंद उतार देऊन दोन-तीन डेसिबल कमी करणं. शब्दांना फट मिळते आणि पेटी फारशी बदलत नाही. तिसरी वाट म्हणजे तुम्ही गाताना पेटीने गप्प बसणं.

मला तिसरी आवडते. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ घ्या. तुम्ही गात असताना पेटी म्यूट करा, ओळीचा शेवटचा स्वर लांबतो तिथे तिला आत येऊ द्या, पुढच्या ओळीच्या उठावणीपर्यंत वाजू द्या, पुन्हा बंद. प्रत्येक कापाच्या दोन्ही टोकांना छोटा फेड द्या, नाहीतर ‘टक’ असा आवाज येतो आणि भाता मधेच तुटल्यासारखा वाटतो. सबंध गाण्याला हे करू नका. ध्रुवपदात पेटी सोबत राहिली तर बिघडत नाही, कारण ते शब्द एव्हाना श्रोत्याच्या ओळखीचे झालेले असतात. नवे शब्द येतात ते कडव्यात, तिथेच वाट मोकळी ठेवायची. मैफलीतही चांगला संगतकार शब्दाच्या वेळी हात आवरतो आणि जागा मिळाली की भरून काढतो. रेकॉर्डिंगला प्रत्येकाला हेडफोन लावून सुटं वाजवायला सांगितलं की हा संकोच सुटतो आणि जो तो पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत वाजवत राहतो. मिक्सिंगच्या निम्म्या तक्रारी खरं म्हणजे इथून येतात, आणि त्यांवर कुठलंही प्लगइन चालत नाही. मित्राशी मात्र आधी बोला. आपलं वादन न विचारता कापलेलं कोणालाच आवडत नाही.

शब्द कळतात की नाही हे ठरवायला या घडीला सगळ्यांत नालायक व्यक्ती तुम्ही आहात. वाईट वाटून घेऊ नका. गाणं तुम्ही लिहिलंय. आवाज पार तळाला नेला तरी तुमचं डोकं गाळलेले शब्द भरून काढेल. गटातल्या मित्रांचंही तेच. ज्याने हे गाणं एकदाही ऐकलेलं नाही असा माणूस गाठा, मोबाइलवर दुसरं कडवं एकदाच ऐकवा आणि कळलेले शब्द लिहून द्यायला सांगा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका. त्याला ‘मस्त’ याखेरीज उत्तर नसतं. कागदावर जिथे गाळलेली जागा आहे, नेमकं तिथेच तुमचं काम आहे.

आता मिक्स नव्याने मांडा. हो, नव्याने. जुनी फाइल जपून ठेवा, तिची प्रत काढा आणि प्रतीतले सगळे प्लगइन बंद करून सगळे फेडर खाली आणा. इतके महिने डागडुजी केलेल्या मिक्समध्ये कुठला उपाय कुठल्या दुखण्यावर केला होता हे कोणालाच आठवत नाही. मास्टर मोनोत टाका. आवाज एवढा हळू ठेवा की शेजारी बसलेल्याशी सहज बोलता यावं. हळू का, तर कानाची चाल पातळीगणिक बदलते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये प्रसिद्ध केलेले समलाउडनेस वक्र हेच सांगतात: आवाज हळू असला की खर्ज आणि अतितार भाग कानाला आणखी कमी भासतात, मोठा केला की दोन्ही फुगून वर येतात. म्हणून मोठ्याने लावलेलं कुठलंही मिक्स भारी वाटतं आणि सकाळी हळू लावलं की हवा गेलेली असते. मधला टापू सावरलेला आहे की नाही हे हळू ऐकतानाच कळतं, आणि तुमचं भांडण सगळं मधल्या टापूतलं आहे. अधूनमधून मोठ्याने जरूर ऐका, पण थोडा वेळ. कान थकले की तिखट भाग जाणवेनासा होतो आणि माणूस वरची पट्टी वाढवत सुटतो.

पहिला फेडर आवाजाचा. मग तबला. या दोघांवर गाणं उभं राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर पुढचं काही आणू नका. मग बेस, मग गिटार, पेटी सगळ्यांत शेवटी. तुम्ही बहुधा उलट्या क्रमाने गेलात, वाद्यांचा थाट आधी मांडून उरलेल्या जागेत स्वतःला कोंबलंत. सगळं एकत्र वाजताना मास्टरवर सर्वांत मोठं शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहिलं म्हणजे पुढच्या कामाला जागा उरते. एकच ट्रॅक सुटा ऐकवणारं सोलोचं बटण शक्यतो दाबू नका. कुठे खरखर आहे, कुठे खुर्ची करकरली, एवढं शोधायला ते ठीक. ईक्यू मात्र सगळं वाजत असतानाच करायचा. सोलोमध्ये सुंदर वाटणारी गिटार मिक्समध्ये बहुतेक वेळा फार जाड असते.

या टप्प्यावर गाणं ऐंशी टक्के जमलेलं असायला हवं, एकही प्लगइन न लावता. जमलं नसेल तर पुढे सरकू नका. फेडरकडेच परत या.

आता कराओकेची तक्रार. आवाज वर नेला की तो बाकीच्या गाण्यापासून सुटतो, याची कारणं दोन. पहिलं म्हणजे तुमच्या गाण्यात हळू आणि जोरकस यांत मोठं अंतर आहे. हळू शब्द ऐकू यावेत म्हणून फेडर वर नेला की जोरकस शब्द अंगावर येतात. बहुतेक लोक इथे थेट कंप्रेसरकडे धावतात. त्याआधी हाताने काम करा. वेव्हफॉर्म मोठा करून बघा, बुडणारे शब्द वेगळे कापा आणि त्यांची पातळी दोन-चार डेसिबल वाढवा, किंचाळणारे तेवढेच कमी करा. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर तेही असेच हाताने खाली घ्या. कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही.

मग कंप्रेसर. त्याचं गणित एवढंच की ठरवलेल्या रेषेच्या वर गेलेला भाग तो एका प्रमाणात दाबतो. प्रमाण ३:१ ठेवलं तर रेषेच्या ९ डेसिबल वर गेलेला आवाज ३ डेसिबलच वर राहतो, ६ कापले जातात. गाणाऱ्या आवाजाला सुरुवात म्हणून ३:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० ते २० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १००च्या आसपास ठेवा आणि रेषा अशी लावा की जोराच्या जागी काटा तीन ते पाच डेसिबल हलेल, हळू जागी जवळजवळ स्थिर राहील. सतत दहा डेसिबल हलत असेल तर हातकाम अपुरं झालंय. तबल्यावर अटॅक फार जलद ठेवू नका. चाटीवरचा ‘ना’ म्हणजे पहिल्या काही मिलिसेकंदांतला तो टणत्कार; एक मिलिसेकंदाच्या अटॅकने नेमका तोच कापला जातो आणि चामडं ओलं असल्यासारखा बोथट बोल उरतो. वीस-तीस मिलिसेकंद दिलेत की टणत्कार निसटून जातो आणि मागची आस तेवढी आवरली जाते.

कराओके वाटण्याचं दुसरं कारण जागा. पेटी आणि तबला खोलीत माइक लावून घेतलेत, त्यांच्यात खोलीचा थोडा वास आहे. तुमचा आवाज माइकला चिकटून, कोरडा. कान म्हणतो, ही बाई दुसरीकडे कुठेतरी उभी आहे. सगळ्यांसाठी एकच छोट्या खोलीचा रिव्हर्ब (खोलीतल्या पडसादाची नक्कल) वेगळ्या सेंड चॅनेलवर ठेवा आणि प्रत्येक वाद्य त्याला थोडं थोडं पाठवा. सर्वांना एकच जागा मिळाली की आवाज आपोआप त्यांच्यात येऊन बसतो. आवाजासाठी वेगळा लांब रिव्हर्ब हवा असेल तर त्याला ३० ते ४० मिलिसेकंदांचा प्रीडिले (सुरू होण्याआधीचा उशीर) द्या, म्हणजे व्यंजन आधी कोरडं ऐकू येतं आणि पसारा त्याच्या मागून येतो. तुमची लय मिनिटाला ८० मात्रांची असेल तर एका मात्रेला ७५० मिलिसेकंद मिळतात. रिव्हर्बची शेपटी दोन मात्रांच्या आत विरली पाहिजे. रिव्हर्बच्या वाटेवर दोन-अडीचशे हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. तो गाळ कोणालाच नको असतो. आणि प्रमाण? मोनोत, हळू आवाजात, रिव्हर्ब जेमतेम जाणवेल इतका, मग त्याहून किंचित कमी.

गाडीतला बेस ही वेगळी भानगड आहे आणि तिचा गुन्हेगार तुमचं टेबल आहे. तीन मीटर लांब खोलीत लांबीच्या दिशेने पहिली स्थिर लहर साधारण ५७ हर्ट्झवर उभी राहते. (ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागायचं.) त्या लहरीचा दाब भिंतींजवळ सर्वांत जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. आता बेसवरचा तुमचा षड्ज कुठे येतो? ५८ हर्ट्झवर. गाण्यात सर्वांत जास्त वेळा येणारा बेसचा स्वर तुमच्या खुर्चीत ऐकूच येत नाही! तुम्ही प्रामाणिकपणे तो वाढवत गेलात आणि गाडीने, जिथे बंद केबिनमुळे खर्ज आधीच फुगतो, सगळं व्याजासकट परत केलं.

टेबल समोरच्या भिंतीच्या दिशेने सरकवा. बसण्याची जागा भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे तुमच्याकडे सुमारे १ मीटर १५ सेंटिमीटरवर असावी, असा एक ठोकताळा आहे. सुरुवातीला तो धरा आणि मग वीतभर पुढे-मागे करून बघा. फोमचं म्हणाल तर नको. ५७ हर्ट्झच्या लहरीची लांबी सहा मीटर असते. बोटभर जाडीच्या फोमची तिला दखलही नसते. तो फक्त वरचा टापू शोषतो, खोली मंद होते आणि घुमणारा खर्ज अधिकच उघडा पडतो. कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड थर लावले तर उपयोग होतो, पण ते सावकाश बघा. तूर्त बेसची पातळी हेडफोनवर ठरवा, तिथे खोली मधे येत नाही. आणि बेस व डग्गा यांत तळ कोणी धरायचा ते एकदा ठरवून टाका. माझं मत डग्ग्याच्या बाजूने. त्याची घुमार आणि मींड हा तुमच्या गाण्याचा खास भाग असणार. बेसने समेला थोडं मागे राहावं.

गिटारवाल्या मित्राकडे येऊ. त्याचं चूक नाही. प्रत्येक वादक मिक्समध्ये आधी स्वतःला शोधतो, तसा तोही शोधतो. त्याला विचारा, ‘नेमकं कुठल्या मिनिटाला ऐकू येत नाही?’ बहुधा तो एखादी विशिष्ट जागा सांगेल, जिथे त्याने काहीतरी मनापासून वाजवलंय. तिथे ऑटोमेशनने (फेडरची हालचाल सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून) त्याला दीड-दोन डेसिबल वर आणा, पेटी आवरा, आणि शब्द सुरू होताच त्याला परत जागेवर बसवा. उरलेल्या गाण्यात गिटारचा शंभर-सव्वाशे हर्ट्झखालचा भाग फिल्टरने काढला तरी चालेल. तिथे बेस आणि डग्गा आहेतच, आणि उलट गिटारची तार जास्त स्वच्छ ऐकू येईल. फेडर सबंध गाणंभर एकाच जागी ठेवायचा असतो असा काही नियम नाही. कडव्यागणिक, ओळीगणिक, प्रसंगी शब्दागणिक तो हलला पाहिजे. पुढे कोण हे दर काही सेकंदांनी बदलत राहिलं की प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा क्षण येतो आणि निरोप थांबतात. न थांबल्यास मत एकदाच, लेखी, मिनिट-सेकंदासकट द्यायचं असा नियम सगळ्यांना घाला.

खरेदीबद्दल. प्लगइन नकोत. सॉफ्टवेअरबरोबर आलेला ईक्यू, कंप्रेसर आणि रिव्हर्ब या गाण्याला पुरून उरतील. स्पीकर बदलण्याचीही घाई नाही. यामाहाचा एनएस-१० हा स्पीकर १९७८मध्ये घरगुती वापरासाठी बाजारात आला होता आणि तिथे काही फार चालला नाही. पुढे तोच जगभरच्या स्टुडिओंत कन्सोलवर जाऊन बसला. त्याचा खर्ज तोकडा होता आणि मधला टापू बोचरा. पण मधल्या टापूतली चूक तो लपवत नसे, आणि वापरणाऱ्यांना त्याची खोड पाठ झालेली होती. तुमचे आहेत ते स्पीकर पाठ करा. तुमच्याच जातकुळीची, पेटी-तबल्यावर आवाज असलेली, चांगलं मिक्स झालेली दोन गाणी निवडा आणि ती त्याच खुर्चीत, त्याच हेडफोनवर, त्याच गाडीत ऐका. तुलना करताना ती तुमच्या मिक्सइतकी हळू करून घ्या. ती गाणी मास्टर झालेली, म्हणजे शेवटचा हात फिरवून पातळी वाढवलेली, म्हणून मोठी असतात, आणि मोठं ते कानाला नेहमी चांगलं वाटतं. त्या मोठेपणाशी बरोबरी करायला मास्टरवर लिमिटर (शिखरं दाबून सगळं मोठं करणारं साधन) लावून ठेवला असेल तर काढा. गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या सेवा बहुतेक गाण्यांची पातळी स्वतःच उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणून ठेवतात; जास्त दाबलेलं गाणं तिथे फक्त खाली ओढलं जातं आणि दाबल्याचं नुकसान तेवढं तसंच राहतं.

आता दुसऱ्याला देण्याबद्दल. गाणं तुमचं राहील का? चाल तुमची, शब्द तुमचे, गळा तुमचा. फेडर दुसऱ्याने हलवले म्हणून यातलं काय जातं? गाणारा वेगळा आणि मिक्स करणारा वेगळा, हाच या धंद्यातला रिवाज आहे, आणि त्याचं एक कारण वर आलंच: ज्याला शब्द पाठ नाहीत त्यालाच ते बुडलेले कळतात. पण माझ्या मते आताच देऊ नका. पेटी कुठे थांबणार, तळ कोण धरणार, गिटारचा क्षण कुठला, हे निर्णय गटाचे आहेत. ते न घेता फाइली पाठवल्यात तर एक अनोळखी माणूस ते तुमच्यासाठी घेईल आणि मग खरोखर गाणं परकं वाटेल. आधी वरचं काम करा. त्यानंतरही समाधान नसेल तर द्या, बिनधास्त. देताना सगळे ट्रॅक एकाच आरंभबिंदूपासून, २४ बिटमध्ये, लिमिटर आणि रिव्हर्ब काढून. सोबत तुमचं कच्चं मिक्स, गाण्याचे शब्द, लय, पट्टी आणि ती दोन नमुन्याची गाणी. गटातर्फे बोलणारा माणूस एकच ठेवा. आणि तो गिटारवाला नसावा.

थांबायचं कधी, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण कित्येक महिने अडकलेल्या माणसाला ते सांगायला हवं. आज अर्धा डेसिबल वर नेलेला फेडर उद्या अर्धा डेसिबल खाली येऊ लागला की काम संपलंय. त्या दिवशी तीन प्रती काढा: एक ठरलेल्या मिक्सची, एक फक्त आवाज एक डेसिबल वर असलेली, एक आवाजाशिवाय नुसत्या वाद्यांची. फाइलच्या नावात तारीख घाला, ‘फायनल’ हा शब्द घालू नका. आठवडाभर कशालाही हात लावू नका, आणि मग पहिल्या दोन प्रती मोबाइलवर एकदा ऐकून एक निवडा. बहुतेकांची निवड दुसऱ्या प्रतीवर जाते.